खाल्लेले सतरा

काल सकाळी सात ते आठ या एका तासात आमच्या दारावरून उसाच्या एकोणीस ट्रॉल्या गेल्या. मोजायचं काही कारण नव्हतं. दात घासत गॅलरीत उभा होतो आणि मोजून झाल्या. हंगाम सुरू झाला की असंच होतं. रस्त्यावर पाचटाचे तुकडे पडतात, ट्रॅक्टरवरच्या गाण्यांनी खिडकीच्या काचा थरथरतात. गावाबाहेर कुठंतरी गुळाची पहिली काहील चढलेली असते आणि वारा तिकडून असला तर उकळत्या रसाचा वास थेट शहरात येतो. माणसं त्या वासानं खूश होतात. मी आत येऊन खिडकी लावून घेतली.

चार वर्षांपूर्वीचा असाच एक हंगाम माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. रस्त्यावर तेव्हाही ऊस होता, पण आमच्या घरात हंगाम चालू होता बर्फाचा. कोल्हापुरात बर्फाचा हंगाम म्हटलं तर लोक हसतात. तेव्हाही हसले होते.

त्या हंगामापासून आमच्या घरात ‘खा’ हा शब्द बंद आहे. कुणी ठरवून बंद केला नाही. माझी बायको सुनंदा ताट वाढताना पोराला ‘घे’ म्हणते. अजून एक भाकरी घे. आमटी घे. पाहुण्यांपैकी कुणी ‘खा की रे’ म्हणालं तर ती हातातलं पातेलं जरा जोरात ठेवते. ते पोरगं म्हणजे आमचा संकेत. आता सत्तावीस वर्षांचा आहे, एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासतो. तडा असलेलं बाजूला काढतो. चार वर्षांपूर्वी तो भारताच्या पुरुषांच्या आइस हॉकी संघाचा दुसरा गोलकीपर होता.

मी दुधाच्या प्रयोगशाळेत काम करतो. सव्वीस वर्षं फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाचा स्निग्धांश आणि दाटपणा, मोजतोय. फॅट सहा-पाच लागली तर सहा-पाच लिहायची, समोर सख्खा मेहुणा उभा असला तरी सहा-सहा लिहायची नाही. लिहिताना चूक झाली तर आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, आणि सही. आमच्या प्रयोगशाळेत खोडरबर नाही. आणखी एक पद्धत आहे, ती कुठं लिहिलेली नाही पण सगळे पाळतात. विचारलं तेवढंच सांगायचं. शेतकऱ्यानं फॅट विचारली तर फॅट सांगायची. जास्तीचं बोललं की त्याला फाटे फुटतात आणि खिडकीपुढं रांग थांबते. हा मी माझा गुण समजत आलो.

बर्फावर आपण लहान देश आहोत. लोकसंख्येला तिथं काही किंमत नाही. तिथं बर्फ किती दिवस टिकतो ते बघतात. लडाखात हिवाळ्यात तळी गोठतात तेवढ्या आठवड्यांत तिथली पोरं खेळून घेतात, बर्फ सुटला की काठ्या भिंतीला लावतात. आपल्याशी खेळणाऱ्या वाळवंटातल्या देशांतही बर्फ पडत नाही, पण त्यांच्याकडं छताखालचा बर्फ बारा महिने असतो. हा कुणाचा दोष, ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी लिहीत नाही. आपल्या संघातली बहुतेक पोरं तिकडची. सपाटीवरचे दोघं-तिघं, चाकाच्या स्केटवरून बर्फावर आलेले. त्यातला एक आमचा.

तो काही लहानपणापासून चमकणारा वगैरे नव्हता. स्केटिंगच्या शर्यतीत मागं पडायचा म्हणून चाकाच्या हॉकीत त्याला गोलात उभा केला, इतकंच. गोलात मात्र तो हलायचा नाही. चेंडू अंगावर येतोय म्हटल्यावर माणूस डोळे मिटतो, हा मिटायचा नाही. शिकवणाऱ्यांनी ते बघितलं आणि पुढं सगळं होत गेलं.

पहिल्या शिबिराला जाण्याआधी त्याला बर्फाला एकदा पाय लावून बघायचा होता. कोल्हापुरात बर्फ कुठं? प्रयोगशाळेमुळं माझी बर्फाच्या एका कारखान्यात ओळख होती. रविवारी सकाळी गेलो. तिथल्या मिस्त्रीनं आठ लाद्या दोन रांगांत जोडून जमिनीवर मांडल्या, फटींत बर्फाचा चुरा दाबला, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

‘‘साहेब, ह्यावर ह्ये पोरगं नाचणार व्हय?’’

‘‘नाचणार नाही. उभं राहणार.’’

‘‘मग जमिनीवर काय वाईट हुतं?’’

संकेतनं पात्याचे बूट बांधले. मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो. अकरा सेकंद तो उभा राहिला. मग डावा पाय सरकला आणि तो लाद्यांवर आडवा झाला, शर्ट-पँट सगळं ओलं. आपल्या हवेत लादीवर लगेच पाणी सुटतं. मिस्त्री पोट धरून हसला, पण त्यानंच हात देऊन उठवलं.

‘‘पाय टेकला की पाणी होतंय. आन् ह्यावर इंडिया खेळणार म्हणं!’’

तो आणखी सोळा वेळा उभा राहिला. शेवटच्या खेपेला दीड मिनिट टिकला. तोवर पात्यांनी लाद्या कापून निघाल्या होत्या. मिस्त्री म्हणाला, ‘‘ह्या आता मासळीवाल्याला बी चालायच्या न्हाईत,’’ आणि आमच्याकडून काही घेतलं नाही. परत येताना मोटारसायकलवर संकेत माझ्यामागं ओल्या कपड्यांनी कुडकुडत बसला होता आणि गाणं म्हणत होता. ते गाणं कुठलं होतं हे आठवत नाही. तो गात होता हे आठवतं. नंतर तो माझ्या मागं बसून गायला नाही.

त्याचं सामान मी वजनकाट्यावर ठेवलं होतं. पायाचे जाड पॅड, छातीचं, हातातले, डोक्याचं, सगळं मिळून एकोणीस किलो आठशे. ज्या रबरी चकतीला ते लोक पक म्हणतात ती एकशे अडुसष्ट ग्रॅम. ती गोठवून वापरतात, म्हणजे उसळत नाही. पॅड कुणीतरी वापरून सोडलेले होते. आत दुसऱ्याच कुणाच्या घामाचा वास होता, आणि डाव्या पायाचा पट्टा तुटलेला. शहरात तसला पट्टा मिळणार नव्हता. शेवटी चप्पल करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मामांकडं गेलो. त्यांनी पॅड उलटासुलटा केला.

‘‘हत्तीची चप्पल हाय का काय ही?’’

मग चपलेला लावतात तीच चामड्याची वादी त्यांनी दुहेरी घेतली, आरीनं भोकं पाडली आणि शिवून दिली. पांढऱ्या पॅडवर ती तपकिरी वादी लांबून दिसायची. मामा म्हणाले, ‘‘पॅड फाटंल, वादी न्हाय तुटायची.’’ ते खरं झालं. वादी अजून शाबूत आहे. माळ्यावर आहे.

शिबिर हंगामाच्या सुरुवातीला झालं, स्पर्धा हंगामाच्या शेवटी. निवड झाल्याचं संकेतनं फोनवर सांगितलं तेव्हा सुनंदा रडली आणि मी विचारलं, ‘‘पहिला की दुसरा?’’ तो म्हणाला, ‘‘दुसरा.’’ मी म्हणालो, ‘‘ठीक.’’ यात मी काही वाईट बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही.

स्पर्धा परदेशात होती. सामने आपल्या वेळेनं दुपारी अडीचला लागत आणि इंटरनेटवर दिसत. एकच कॅमेरा, तोही उंचावर. मी रजा टाकली होती. एक दोनशे पानी वही घेतली, रेघा मारल्या. फुटबॉल बघत वाढलेल्या गावातला मी माणूस, पण पेठेचा सामनाही मी ओरडून बघत नाही, मोजून बघतो. पहिला सामना आपण चार-तीननं हरलो. दुसरा पाच-दोननं जिंकलो. भारताचा संघ बर्फावर जिंकला आणि काठ्या टाकून पोरं एकमेकांवर पडली. संकेत दोन्ही सामन्यांत बाकावर होता. त्या ढिगात तो सगळ्यात शेवटी जाऊन पडला. तपकिरी वादीमुळं मला ओळखता आला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या चौकात फ्लेक्स लागला. तालमीतल्या पोरांनी लावला होता. वर ‘कोल्हापूरचा वाघ’, मध्ये संकेतचा फोटो आणि नाव, खाली शुभेच्छुक म्हणून तेवीस चेहरे. मागं हिरवंगार मैदान आणि वाकड्या टोकाची, गवतावरच्या हॉकीची काठी. मी सांगायला गेलो.

‘‘अरे, हा खेळ वेगळा. हा बर्फावर खेळतात.’’

‘‘काका, फ्लेक्सवाल्याकडं बर्फ नव्हता. म्हटला, हाय त्यात भागवा.’’

‘‘आणि तो खेळलेला नाही. बसला होता.’’

त्यावर त्या पोरानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच संकेतचा शत्रू आहे. ‘‘बसला तर बसला की! इंडियाच्या बाकड्यावर बसलाय. तुम्ही बसून दाखवा.’’

हे उत्तर बरोबर होतं.

तिसऱ्या सामन्यात बाराव्या मिनिटाला आपला पहिला गोलकीपर पाय ताणून खाली बसला तो उठलाच नाही. तोवर दोन गोल झाले होते. कॅमेरा उंचावर होता, म्हणून चेहरे दिसत नव्हते. बाकावरून एक जाडजूड आकृती उठली, कठड्यावरून आत आली आणि गोलाकडं निघाली. डाव्या पायाला तपकिरी वादी. सुनंदा देवापुढं जाऊन बसली ती सामना संपेपर्यंत बाहेर आली नाही. मी पेन उघडला.

पुढं जे झालं ते आकड्यांत सांगतो, दुसरं मला येत नाही. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोल. तिसरा सामना आपण दहा-एक हरलो, त्यातले आठ संकेतवर झाले. चौथा नऊ-दोन हरलो, नऊच्या नऊ त्याच्यावर. आठ आणि नऊ सतरा. पण त्या सतरांच्या आजूबाजूला बरंच काही होत होतं. त्यांची माणसं मोकळी येत होती, आपले बचाव करणारे दमून मागं राहत होते. तो एकटा गुडघ्यांवर, मग उठून, मग पुन्हा गुडघ्यांवर. एक चकती त्याच्या मुखवट्यावर बसली आणि तो तसाच आडवा पडला. मला बर्फाच्या लाद्या आठवल्या. मी घड्याळ बघितलं. नऊ सेकंदांत उठला. मी प्रत्येक फटक्याला वहीत रेघ मारत होतो. झालेले गोल एका पानावर, अडवलेले दुसऱ्या पानावर. चौथ्या सामन्याची शेवटची शिट्टी झाली तेव्हा दुसऱ्या पानावर चव्वेचाळीस रेघा होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. अकराच्या सुमारास फोन वाजला. आमच्याच गल्लीतला एक तरुण, एका स्थानिक दैनिकात बातम्या देतो. मी नमुना हातात धरलेला, खिडकीपुढं रांग.

‘‘काका, संकेतनं एकूण किती खाल्ले?’’

आमच्याकडं गोल मारतात आणि गोल खातात. पेठेतलं शेंबडं पोरगंही असंच बोलतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

‘‘सतरा.’’

‘‘दोन सामन्यांत ना?’’

‘‘दोन. पण त्यातला एक पूर्ण नाही. बारा मिनिटं वजा कर.’’

‘‘बरं बरं. ठेवतो.’’

बारा मिनिटं वजा करायला सांगितली म्हणून मला त्या वेळी समाधानही वाटलं होतं. आकडा चोख दिला. वहीचं दुसरं पान त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढच्या शेतकऱ्याला फॅट सांगितली. सहा-दोन होती.

सकाळी पेपरात चार ओळी होत्या आणि त्यावर मथळा, ‘कोल्हापूरच्या संकेतने खाल्ले सतरा गोल’. शेवटची ओळ होती, ‘अशी माहिती त्याच्या वडिलांनी दिली.’ बारा मिनिटं कुठंच नव्हती.

सुनंदानं पेपर माझ्यापुढं धरला. ‘‘तुम्हाला कुणी विचारलं होतं?’’

‘‘विचारलं होतं म्हणून तर सांगितलं.’’

‘‘मग खोटं सांगायचं.’’

‘‘खोटं कसं सांगणार?’’

‘‘नाही तर गप्प बसायचं. एरवी बसताच की. पोरगं निवडलं गेलं तेव्हा बसलात.’’

संकेत दिल्लीहून रेल्वेनं आला. ती चार ओळींची बातमी तो यायच्या आधीच त्याच्या मोबाइलवर पोचली होती, गावातल्या निदान नऊ जणांनी पाठवली होती असं पुढं कळलं. मी स्टेशनवर गेलो. त्याच्या उजव्या भुवईवर तीन टाके होते. त्यानं सामानाची पिशवी माझ्याकडं दिली नाही, स्वतःच उचलली. एकोणीस किलो आठशे. रिक्षात ती त्यानं पायाशी घेतली. चौकात फ्लेक्स अजून होता. त्यानं वर बघितलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी वही काढली. मला त्याला दाखवायची होती. खरोखर दाखवायची होती. पण मी सुरुवात पहिल्या पानापासून केली, कारण पान पहिलं असलं की आधी तेच वाचायचं. ‘‘हा अकरावा बघ,’’ मी म्हणालो, ‘‘डाव्या हाताखालून गेला. हात दोन इंच खाली असता तर...’’

‘‘पप्पा, बास.’’

तो उठून आत गेला. मी वही मिटली. दुसरं पान उलटायचं राहिलं ते राहिलंच.

गावानं मग तो शब्द धरला. कोल्हापूरची जीभ धारदार आहे, आणि खाण्याच्या बाबतीत तर आमच्याकडं शब्दांना तोटा नाही. मिसळीच्या दुकानात तो गेला तर पलीकडच्या टेबलावरून, ‘‘सतरा खाल्लंस, आता एक प्लेट खा, अठरा हुतील.’’ पानपट्टीवर, ‘‘पचलं का रं?’’ ज्यांनी ‘कोल्हापूरचा वाघ’ लावला होता त्यांच्यापैकीच ही पोरं होती. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी लिहायला तयार आहे. गावात ज्याच्यावर जीव असतो त्यालाच असं बोलतात. पण माझ्या पोराला ते हसण्यावारी नेता येत नव्हतं आणि परतवताही येत नव्हतं. एका मित्राच्या लग्नात जेवायला बसलेला असताना वाढपी रश्श्याची बादली घेऊन आला आणि ओळीत कुणीतरी ओरडलं, ‘‘वाढा त्याला! सतरा पचिवलेला गडी हाय!’’ सगळी ओळ हसली. मीही त्याच ओळीत, चार पानं सोडून होतो. संकेत भरल्या ताटावरून उठला, हात धुतला आणि निघून गेला. मी उठलो नाही. भरल्या ताटावरून उठू नये म्हणून उठलो नाही, की मीही हसणाऱ्यांपैकी एक होतो म्हणून, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. मी हसलो नव्हतो. पण मी काही बोललोही नव्हतो, आणि माझ्याजवळ चव्वेचाळीस होते.

पुढच्या हिवाळ्यात शिबिराचा फोन आला. मी दुसऱ्या खोलीत होतो, ऐकू आलं. ‘‘नाही सर. नोकरी लागली. नाही, येत नाही.’’ नोकरी तोवर लागलेली नव्हती. आमच्या घरात इतकं स्वच्छ खोटं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ज्यानं सांगितलं त्याला रागवायची माझी हिंमत झाली नाही. बाहेर ट्रॉल्या जात होत्या. त्याच आठवड्यात सामान माळ्यावर गेलं.

फ्लेक्स मात्र वाया गेला नाही. सुनंदाचा भाऊ विलास मुरगूडला असतो. त्याचं गुऱ्हाळ आहे. तो आला होता तेव्हा चौकात अर्धा सुटून फडफडणारा फ्लेक्स त्यानं बघितला. ‘‘दाजी, फुकट जातंय. न्हिऊ का? चिपाडावर टाकायला बरं पडंल.’’ रस काढून उरलेली चिपाडं सुकवून काहिलीखाली जाळतात, ती ओली होऊन चालत नाहीत. मी म्हणालो, ने. त्यानं घडी करून गाडीत टाकला. वाघाचा चेहरा आत गेला.

आज रविवार. दरवर्षी हंगामाचा पहिला गूळ आणायला आम्ही मुरगूडला जातो. गेली तीन वर्षं संकेत येत नव्हता. आमच्यात गाडी सुनंदाच चालवते; आज सकाळी तिची कंबर धरली म्हणून तो गाडी चालवायला माझ्याबरोबर आला.

विलास नेहमीसारखा मोठ्यानं आला. ‘‘या दाजी! या भाचं! किती दिसांनी तोंड दावलंस!’’ काहील उकळत होती. गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस, यंदा नवा होता, सीमेपलीकडच्या गावचा, वयानं माझ्याएवढा. काठावर उभा राहून तो फेस बाजूला करत होता. मागं चिपाडाचा ढीग आणि ढिगावर तो फ्लेक्स. चार पावसाळे आणि चार उन्हाळे गेले होते. हिरवं मैदान निळसर झालेलं, तेवीस शुभेच्छुक पुसून गेलेले. संकेतच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. नावातलं ‘सं’ आणि ‘त’ एवढं वाचता येत होतं, आणि ती चुकीची काठी.

संकेतनं बघितलं. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

गुळव्यानं आमची नजर कुठं गेली ते टिपलं. ‘‘पावणं, ह्यो फटूतला गडी कोन? मी आल्यापास्नं बघतोय. मालकांस्नी इच्यारायचं ऱ्हाऊन जातंय.’’

विलास रस बघायला पलीकडं गेला होता. मी घसा साफ केला, पण संकेतच बोलला.

‘‘हाय एक. गोलकीपर हुता.’’

‘‘म्हंजी काय करायचा?’’

‘‘गोल अडवायचा.’’

‘‘आस्सं.’’ गुळव्यानं फेसाचा झारा काठावर आपटला. ‘‘मग किती अडिवलं?’’

त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं तो पेपर वाचला नव्हता, त्या गल्लीत राहत नव्हता. समोरच्या माणसाच्या कामाबद्दल जे विचारायला पाहिजे तेच त्यानं विचारलं. आणि मला कुणी काही विचारलं की उत्तर तयार असतं.

‘‘चव्वेचाळीस,’’ मी म्हणालो.

संकेत माझ्याकडं वळला. काहिलीची वाफ आमच्या दोघांच्या मधून जात होती.

‘‘त्रेचाळीस,’’ तो म्हणाला. ‘‘एक खांबाला लागला होता. खांबाला लागलेला धरत नाहीत.’’

‘‘कुठला?’’

‘‘चौथ्या सामन्यातला. तिसऱ्या सत्रात. माझा हात पोचलाच नव्हता.’’

‘‘मला वाटलं तुझ्या हाताला लागून गेला.’’

‘‘नाही.’’ मग, ‘‘तुम्ही मोजले होते?’’

‘‘हो.’’

‘‘कधी?’’

‘‘तेव्हाच. सामना चालू असताना.’’

‘‘मला वाटलं तुम्ही फक्त सतराच मोजले.’’ आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ‘‘मग तेव्हा का सांगितलं नाही? पेपरवाल्याला? मला? त्या लग्नात?’’

याला माझ्याकडं एकच खरं उत्तर होतं आणि ते मी दिलं. ‘‘कुणी विचारलं नाही.’’

तो माझ्याकडं बघत राहिला. तडा असलेलं कास्टिंग तो असंच हातात धरून बघत असेल. मग त्यानं मान वळवली.

‘‘तिरचाळीस म्हंजी लई झालं की हो,’’ गुळव्या काहिलीत बघत म्हणाला. त्याला आमच्यातलं काही कळलं नव्हतं. त्यानं पळसाच्या पानावर गरम काकवी काढून संकेतपुढं धरली. ‘‘खावा, पावणं. गरम हाय तंवर खावा.’’

संकेतनं पान हातात घेतलं. खाल्लं की नाही ते मी बघितलं नाही. मी गाडीकडं गेलो होतो.

परतीच्या वाटेवर तो गाडी चालवत होता, मी शेजारी बसलो होतो, मागच्या सीटवर गुळाच्या चार ढेपा. पुढं उसाची ट्रॉली होती आणि तिला ओलांडायला जागा मिळत नव्हती. मी म्हणालो, ‘‘अजून बोलावतील का? शिबिराला?’’

‘‘आता नवे आलेत,’’ तो म्हणाला. ‘‘चांगले आहेत म्हणे.’’ आणि आरसा बघून ट्रॉली ओलांडली.

घरी आलो. सुनंदानं गूळ ठेवून घेतला. मी कपाटातून ती वही काढली आणि चार वर्षांत पहिल्यांदा दुसरं पान उघडलं. शेवटच्या ओळीत एकूण चव्वेचाळीस. त्यावर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी त्रेचाळीस लिहिले. कारणाच्या जागी ‘खांब’ लिहिलं. सही केली.

मग पहिलं पान काढून तेही एकदा तपासलं, वरपासून खालपर्यंत, एकेक रेघ. तिथं काही दुरुस्ती करावी लागली नाही. सतरा बरोबर होते.